मालगाडी जाईपर्यंत

प्रिय आई,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. इथे जवळपास रूळ नाहीत, तरी काल चार वाजता, तिकडच्या मालगाडीच्या वेळेला, शेजारणीशी बोलता बोलता मी मध्येच थांबले. ती म्हणाली, “अगं, काय झालं?” तिला काय सांगणार? आपल्या बेकर जंक्शनला मालगाडी आली की सगळे अर्ध्या वाक्यावर गप्प होतात आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढे बोलतात. बाबा म्हणतातच ना, “गाडीवर आवाज चढवतो तो बाहेरगावचा.”

रविवारी फोनवर बाबांच्या तब्येतीचं सांगताना तूही अशीच थांबलीस. मी सवयीने गाडी जायची वाट पाहत राहिले. शिट्टी काही ऐकू आली नाही, आणि तू एकदम परसातल्या मक्याचं बोलायला लागलीस.

शनिवारी येतेय. अर्धं राहिलेलं वाक्य तेव्हा पुरं कर.

तुझी,
वर्ना