निळ्या ट्रकचा उजवा खांदा

प्रिय ठोंब्या,

आधी हे सांग, मी कोण ते आठवतंय का? विचारायला कारण आहे. मागे मी तुझ्या त्या मोबाइलवरच्या कार्यक्रमाखाली दोन ओळी लिहवून घेतल्या होत्या, की मुला, तुझा आवाज बसलेला वाटतो, कोमट पाणी पी, आणि त्या जाड्या मित्राला सारखं मध्ये बोलू देऊ नकोस. त्यावर तुझं उत्तर आलं, 'धन्यवाद, ऐकत राहा.' जगात किती बायका तुला कोमट पाणी प्यायला सांगतात रे? ज्याला आपल्या जन्माआधीच्या प्लास्टिकच्या रोबोचं साल, रंग आणि खोक्यावरचं चित्र तोंडपाठ आहे, त्याला आजीचं बोलणं ओळखू येऊ नये म्हणजे कमाल झाली. तर हे पत्र आजीचं आहे. अक्षर खालच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंचं. डॉक्टरांची अक्षरं वाचून त्या इतक्या कावल्यात की स्वतः मोत्यासारखं लिहितात. मला लिहिता येत नाही ते तू तरी विसरला नसशील. पाटी घेऊन तूच मला शिकवायला बसला होतास, आणि आठवड्याच्या आत मी तुला पत्ते पिसायला शिकवून मोकळी झाले होते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला 'हो', 'बरं' आणि 'नंतर करतो' एवढंच देतोस. त्या कार्यक्रमात मात्र तासतासभर बोलतोस. म्हणून मी आपली तिथे येऊन बसते. बाईंनी दाखवून ठेवलंय, कुठे बोट ठेवलं की तू बोलायला लागतोस ते. सुरुवातीला मला ओ की ठो कळायचं नाही. ट्रकचा माणूस होतो, माणसाचा परत ट्रक होतो, आणि त्यावर तुम्ही तिघं मोठे बाप्ये असे तावातावानं बोलता की वाटावं घराच्या वाटण्या चालल्यात. पण मला कळायची गरजच नव्हती. आवाज तुझा होता. तू गुडघ्याच्या सांध्याबद्दल बोल नाहीतर छातीच्या झाकणाबद्दल, मला सारखंच. तरी इतकं ऐकल्यावर दगडालाही मतं फुटली असती, मी तर तुझी आजी.

तर माझी मतं ऐक. तुमचं ते कायमचं भांडण, त्या खेळण्यांची जुनी मालिका चांगली की नवी. जाड्या म्हणतो, जुन्या रोबोंच्या अंगात धातू होता, वजन होतं, हातात घेतलं की काहीतरी धरल्यासारखं वाटायचं. खरं असेल, पण त्यांना मान वळवता येत नव्हती आणि गुडघे वाकत नव्हते असंही तोच सांगतो. त्या हिशेबानं मी जुन्या मालिकेतली. दुसरा तो नाकात बोलणारा, त्याला नवे आवडतात, ज्यांची गाडी करायला अर्धा तास आणि सोबतचा कागद लागतो. आणि मग कळतं की हा प्राणी खोकीच उघडत नाही, सगळी सीलबंद ठेवतो. मग अर्धा तास लागतो हे त्याला सांगितलं कुणी? तू त्याला म्हणालास की कागद बघून जे घडवावं लागतं ते खेळणं नाही, ते गृहपाठ आहे. चांगलं खेळणं एकदा हाताला कळलं की हात ते विसरत नाही. हे मला पटलं. मी जन्मात काही कागद बघून केलं नाही. आणि ती पाठीवरची गाठोडी! ट्रकचा रोबो झाला की दारं, चाकं पाठीवर लोंबत राहतात, ती नव्या मालिकेत लपवून टाकतात, म्हणून सगळे खूश. तू एकटा म्हणालास, लोंबू देत की, कुठून आला ते दिसायला नको? तेवढं मी बाईंना परत लावायला सांगितलं. दोनदा. तू ते मित्रांना सांगत होतास की स्वतःला, ते काही मला कळलं नाही.

सोनेरी रोबोचा भाग तर मी विसरणार नाही. तू सांगत होतास की ते सोनेरी प्लास्टिक वय झालं की आतून भुसभुशीत होतं. वरची झळाळी तशीच, पण सांधा हलवायला जावं तर तुकडा हातात येतो. म्हणून ज्यांच्याकडे आहेत ते लोक त्यांना आहेत तसेच ठेवतात. गाडी तर गाडी, माणूस तर माणूस. तुझ्याकडचाही कित्येक वर्षं गाडीच होऊन बसलाय, उघडायची हिंमत होत नाही म्हणालास. त्या वेळी तुझा बाप माझ्या समोर पेपर धरून बसला होता. तासाभरात त्यानं पान उलटलं नाही. बातमी फारच मोठी असणार. तो मला रोज विचारतो, संपलं का तुझं रोबोपुराण, आणि तुझा आवाज सुरू झाला की पंखा बारीक करतो. पंख्याची घरघर त्याला म्हणे त्या वेळेपुरती सहन होत नाही. माझा फोन कधी बंद पडत नाही, सदा भरलेला असतो. मी तो चार्जिंगला लावत नाही, मला ती पिन सापडत नाही. घरात मी सोडून एकच माणूस आहे.

तू घर सोडलंस त्या दिवशी तो जे बोलला ते मी बाईंच्या हातून लिहवणार नाही. 'एवढा घोडा झालास' पासून सुरुवात होती एवढं पुरे, बाकीचं तुला पाठ असेल. त्याला वाटत होतं तू चष्म्याच्या दुकानात त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसावंस. तुला ते स्टूल नको होतं. दोघंही एकेक वाक्य जास्तीचं बोललात, आणि तेव्हापासून माझ्यामार्फत एकमेकांची तब्येत विचारता. 'बाबा बरे आहेत ना?' 'तो बरा आहे ना?' मला काय टपालखातं समजता?

आता निळ्या ट्रकवर येते. तुझा लहानपणचा, तूच फोटो दाखवलास म्हणे, आणि त्या एका ट्रकवर तुम्ही तिघांनी अख्खा भाग खाल्ला. बाकी सगळ्यांच्या ट्रकला उजव्या खांद्यात करड्या प्लास्टिकची कडी, आणि तुझ्याच्यात तेवढी पितळी खीळ. जाड्या म्हणाला, ही कारखान्याची अगदी पहिली खेप, नंतर त्यांनी पितळ बंद केलं. नाकात बोलणारा म्हणाला, नाही, हा दुकानदारांना दाखवायला केलेला खास नमुना, जगात दोन-चारच असतील. हातानं बसवली असेल असं ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहिलं होतं, तर दोघं त्याच्यावर तुटून पडले, एवढी सफाई हातानं येतच नाही म्हणाले. तू एवढंच म्हणालास, कुठली खेप ते मला माहीत नाही, पण ज्यानं ही खीळ बसवली त्याचा हात एकदा बघायला मिळायला हवा होता.

आम्ही तेव्हा जेवत होतो. तुझ्या बापाचा घास हातातच राहिला. आणि मग तो हसला रे. खो-खो नाही, पोटातून, खांदे हलवत. तुझी आई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मग ताट सारून उठला, हात धुतले, आणि नळ बंद केल्यावरही ते ओले हात बघत तसाच उभा राहिला.

तुला आठवत नसेल, तू फार लहान होतास. तुझी आई गेली त्याला फार दिवस झाले नव्हते. ट्रकचा माणूस करताना तू जोर लावलास आणि उजवा हात कडीपासून निखळला. तू रडला नाहीस. त्याला उशीखाली ठेवलंस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलास की तो आजारी आहे, मोठ्यानं बोलू नका. दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर तुझ्या बापानं त्याला शर्टाच्या खिशात घातलं, तो तुटका हात बाहेर डोकावत होता, आणि दुकानात नेलं. मी दुपारी डबा घेऊन गेले तर गिऱ्हाइकं खोळंबलेली. एक मास्तर कंटाळून दुसऱ्याच कुणाचा चष्मा लावून घरी गेले, आणि तीन दिवस म्हणत होते की नजर सुधारली. हा आपला डोळ्याला भिंग लावून ट्रकच्या खांद्यात वाकलेला. त्या मापाची खीळ कुठल्याच डबीत सापडेना. मग त्यानं स्वतःचा चष्मा काढला, लग्नातला, जुन्या घडणीचा जाड काड्यांचा, आणि त्याच्या बिजागरीतली पितळी खीळ उपसली. तो चष्मा तुला आठवत असेल. डाव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. चष्मे दुरुस्त करणाऱ्याचा चष्मा दोऱ्यावर, म्हणून तू पोट धरून हसायचास. दुसरी खीळ त्याला नंतर मिळाली नाही की त्यानं शोधलीच नाही, मी विचारलं नाही.

ट्रक परत उशीखाली गेला. तू उशी उचललीस आणि घरभर नाचलास, की हा आपोआप बरा झाला, ह्याला कुणी हात लावला नाही, हा स्वतःच बरा झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात तुझ्या बापानं मला हाताला धरून आत नेलं आणि म्हणाला, "राहू दे, आई. कुणीतरी आपोआप बरं होतं असं त्याला वाटतंय ना, वाटू दे. सध्या त्याला तेवढंच हवंय." आणि कधीही सांगायचं नाही म्हणून मला बजावलं. मी कधी सांगितलं नाही. आत्ताही मी सांगत नाही. मला अक्षर येत नाही. हे सगळं बाईंनी लिहिलंय, विचारायचं तर त्यांना विचार.

परवाच्या भागात तू जाहीर केलंस की तो ट्रक तू नाकात बोलणाऱ्याला देणार, आणि बदल्यात त्याच्याकडची रोबोंची न उघडलेली जुनी जोडी घेणार. तो म्हणे त्याला काचेत ठेवणार, त्या खिळीवर दिवा सोडून. तुझा ट्रक आहे, तू दे नाहीतर ठेव, मी कोण सांगणार. पण ते ऐकल्यावर तुझ्या बापानं पेपरामागून विचारलं, नक्की देतोय का. इतक्या वर्षांत तब्येत सोडून तुझ्याबद्दल त्यानं मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, तूच विचार की त्याला. तर म्हणाला, कसं विचारू. आणि पेपर आणखी वर धरला. पेपर हलत होता. हल्ली हलतो. कप हलतो, चमचा हलतो, चष्म्याचा स्क्रू तर त्याच्या हातून जागेवर बसतच नाही. ह्या महिन्याच्या शेवटी दुकान बंद करतोय. स्टूल कुणी नेत असेल तर द्यायचं म्हणतो, आणि मागायला आलेल्या दोघांना त्यानं पाय मोडका आहे म्हणून परत पाठवलं. पाय चांगला धडधाकट आहे, मी बसून पाहिलंय. म्हणून हे पत्र. ज्याचा हात तुला बघायचा होता, तो हात अजून इथे आहे, पण तुला लवकर यावं लागेल. ट्रक एकदा त्याच्या हातात ठेव, मग काचेत घाल नाहीतर डोक्यावर घेऊन नाच. आणि टेबलाच्या कडेला आवळलेल्या त्या शिकंज्यात तो आपल्याला अक्रोड फोडून द्यायचा ना, आतली गिरी अख्खी निघायची, तू तिला मेंदू म्हणायचास. हल्ली सगळा भुगा होतो, म्हणून त्यानं अक्रोड आणणंच सोडलंय. तर मला अक्रोड पाठव. पिशवीभर, कवचासकट. सोललेले नकोत, आणि टपालानं तर मुळीच नकोत.

तुझीच, ऐकत राहिलेली
आजी