पायाशी उजेड

माय,

अंगणातल्या दिव्यांवरून मी वायरमनशी भांडले, हे तुला सांगितलंच पाहिजे. मोतीबिंदू काढला तरी दिवस बुडाला की मला ओट्याच्या पायऱ्या एकात एक मिसळलेल्या दिसतात. पावसाळ्यात फाटकाला कुलूप लावायला गेले आणि शेवटच्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण तुझा नातू पुण्याहून धावत आला. म्हणाला, "आई, आता लातूर बस्स. घर भाड्यानं देऊ, तू आमच्याकडं चल." मी म्हणाले, आधी अंगणातला उजेड नीट करते, मग बघू. तर म्हणतो कसा, "ठीक आहे. दिवाळीला येतो. दिवेलागणीला तू एकटी फाटकापर्यंत जाऊन दाखव, मग रहा खुशाल." परीक्षाच घेणार होता माझी. मला राग आला, आणि भीतीही वाटली.

वायरमननं दारावर भला मोठा फोकस ठोकला. उजेड पार रस्त्यापलीकडच्या घरात. पण मी पायरी उतरायला लागले की तो पाठीमागून येतो आणि माझीच सावली पुढच्या पायरीवर पडते. परत फिरले की डोळे दिपतात. तिथंच कठड्याला धरून उभी राहिले आणि तू आठवलीस.

दुष्काळाचं साल. आपण कंधारकडं, गावात. तू दिवसभर सडकेवर खडी फोडतेस, घरात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, हिरवं पान कुठं नजरेला पडत नाही. अंधारून आलं की मी उंबऱ्याला अडखळते, रांजणाला धडकते. शेजारीण म्हणते, "पोरगी नाटकं करू लाली, कामाचा कंटाळा हाय तिला." तू माझ्या डोळ्यांपुढं हात हलवून बघतेस. रातांधळेपण आलं होतं मला. मी कंदील उंच खुंटीला अडकवायला गेले तेव्हा केवढ्यानं ओरडलीस, "वर टांगून कुणाला दाखवू लालीस? पाय तर खाली हायेत ना!" मग तू कंदील जमिनीवर ठेवलास, न्हाणीपर्यंतच्या दगडांच्या कडांना चुना फासलास, आणि माझा हात मात्र धरला नाहीस. "चल तू. मी हाय हितंच." तेव्हा मला तू दुष्ट वाटली होतीस. पुढं दवाखान्यातल्या नर्सबाईनं तेलासारखं औषध पाजलं, नजर परत आली, शाळा झाली. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत मला नोकरी लागली, त्याच पगारातून हे घर उभं राहिलं. ते बघायला तू नव्हतीस.

तर मी वायरमनला म्हणाले, फोकस काढा. प्रत्येक पायरीच्या बाजूला, घोट्याच्या उंचीवर, वरून झाकलेला बारीक पिवळा दिवा लावा. तो हबकलाच. "मॅडम, इतक्या खाली कुणी दिवे लावतंय का? कुत्रे मुतत्याल." म्हटलं, मुतू द्या, तुम्ही लावा. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग मी स्वतः दिला, बसून बसून.

दिवाळीला तुझा नातू आला. दिवस बुडाल्यावर ओट्यावर खुर्ची टाकून बसला. मी उतरले. एकेक पायरी वेगळी, स्वच्छ दिसत होती. फाटकाला कुलूप लावलं, मुद्दाम थोडा वेळ तिथं उभी राहिले आणि वर आले. मोबाइल खिशात ठेवत तो म्हणाला, "जमतंय की गं आई तुला." मोकळा झाला बिचारा. आज सकाळी चहा घेऊन गाडी काढली. पुण्याला चल, हा विषय पुन्हा त्यानं काढला नाही.

हे त्याला सांगायची सोय नाही, आणि तुला धाडायला पत्ता नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते. घर माझं राहिलं, मला हवं होतं तसंच झालं. पण माय, गाडीत बसण्याआधी त्यानं एकदा तरी "चल" म्हणायला हवं होतं. मी नाहीच म्हणाले असते.