पथ्य फक्त बाबांचं

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तेरवीला आलेल्या बायका म्हणत होत्या, नवऱ्याला मरणाच्या दारातून परत आणलं बाईनं. मी पाणी वाढत होते. मला ते ऐकवत नव्हतं, तरी वाढत राहिले. आता बोलते.

बाबांना झटका आला आणि जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये दोन स्वयंपाक सुरू झाले. लहान पातेल्यात त्यांची कमी तेलामिठाची भाजी, कढईत आम्हा बाकीच्यांची, तेल तरंगणारी. सगळ्यांचं झालं की तू त्याच कढईत भात टाकायचीस, कडेचं तेल पुसून घेत कालवायचीस आणि ओट्याशी उभ्यानंच जेवायचीस. मला मात्र कढईला हात लावू द्यायची नाहीस. "कढईत जेवशील तर लग्नात पाऊस येईन." आणि तू, मी विचारायचे. "माहं लगन झालं वो बाई, पडून गेला पाऊस." तू हसायचीस, मीही हसायचे. तेल फेकणं तुझ्या जिवावर यायचं, ते तुझ्या पोटात गेलेलं चालायचं. बाबांची भाजी उरली तरी तू खायची नाहीस. "ते यायचं औषध आहे," बाबांकडे बोट दाखवत म्हणायचीस.

दर तपासणीला तू त्यांच्यासोबत भंडाऱ्याला जायचीस. एकदा मीही होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही पण एकदा तपासून घ्या. आणि घरात सगळ्यांनीच असं जेवायला पाहिजे." तू हात झटकलास. "मले का धाड भरली? यायचंच पाहा तुम्ही." बसमध्ये मला म्हणालीस, "हार्टची बिमारी माणसायले होते. बाईले कायची होते?"

नंतर जिना चढताना तू मध्येच बसायला लागलीस. जबडा दुखायचा, पाठ भरून यायची. तू ओवा चावायचीस, सोडा प्यायचीस, गॅस आहे म्हणायचीस. दवाखान्यात चल म्हटलं की खेकसायचीस, "तू कायले मांगं लागून राहिली?" एका सकाळी बाबांची भाजी निवडता निवडता तू गेलीस. बाबा अजून आहेत. रोज फिरायला जातात.

लोक याला सेवा म्हणतात. मी म्हणत नाही. आम्हाला तू हवी होतीस, हे तू कधी मनावरच घेतलं नाहीस.

परवा दम लागला म्हणून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" बाबांचं सगळं मला पाठ आहे, ते सांगितलं. "आणि आईला?" तुझा एकही रिपोर्ट नाही. ना बीपी, ना साखर. आज माझ्या जिवासाठी मला ते माहीत असायला हवं होतं, आणि तू काही मागे ठेवलं नाहीस. निदान जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढं तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण परक्या बाईसमोर तुला नावं ठेवणं मला जमलं नाही. "आईची तब्येत चांगली होती," म्हणाले.

त्यांनी तसंच लिहून घेतलं.