शनिवारपर्यंतच्या सह्या

दादा,

‘प्रिय’ लिहायला आज हात वळत नाही.

गल्लीत वर्षभरात पाच दुकानं फुटली, तेव्हा तुमच्या ठाण्याने माझ्या शिवणाच्या दुकानात गस्तीची वही टांगली. रोज दुपारी बाराला फेरी मारून तू त्यात सही करायची, असं ठरलं. मग “बारा जणांचं काम आम्ही तिघं ओढतोय” म्हणत तू सोमवारीच शनिवारपर्यंतच्या सह्या ठोकायला लागलास. आणि मी, तुझी लाडकी धाकटी, पेन पुढे करत राहिले.

काल, गुरुवारी, भरदुपारी चोरांनी शेजारच्या घड्याळवाल्या काकांचं डोकं फोडलं. दवाखान्यात काकू म्हणाल्या, “दाराला कडी लावा म्हटलं, तर म्हणाले, बारा वाजलेत, शिवणवालीचा भाऊ येईलच आता.”

तुझ्या साहेबांनी वही मागितली. शुक्रवार-शनिवारच्या सह्या तळहाताखाली झाकून मी गुरुवारची दाखवली. “शिपाई आला होता ना?” मी हो म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

माणसं कमी आहेत, मान्य. मग ते साहेबांच्या तोंडावर सांगायचं होतंस! रिकाम्या जागा तू सह्यांनी भरल्यास, म्हणून तर वरच्यांना त्या कधी दिसल्याच नाहीत.

हे पत्र पाठवत नाही, त्याच वहीत ठेवतेय. सोमवारी सह्या ठोकायला आलास की सापडेल. तोवर आमची काळजी करू नकोस. वहीप्रमाणे उद्यासुद्धा तू येऊन गेला आहेस.

तुझी खोटी साक्षीदार,
धाकटी