शेजारची सीट

बाबा, तुमच्या नातीनं गाड्यांची रेस शिकायचं ठरवलं आहे, आणि शाळा मी निवडावी असा तिचा हट्ट. "तूच निवड, म्हंजे तुले झोप लागन," म्हणाली. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता अमरावतीला इंजिनिअरिंग संपवून अकोल्यात घरी आली आहे. तुम्ही जन्मभर परतवाडा-अकोला एसटी चालवली. मी दुसऱ्या कुणाला विचारणार?

पातूर रोडवरची ती सकाळ. मी एकोणीस वर्षांची, मामाची जीप, शेजारी तुम्ही. रस्ता मोकळा दिसतो आणि ॲक्सिलरेटरवर माझा पाय दाबला जातो. तुम्ही ओरडत नाही. "कावून पळवून राहिली? थांबव." मग खाली उतरून माझ्या बाजूला येता. "सरक तिकडं. मले तुह्या हातानं मरायचं नाही." त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. तुम्हीही पुन्हा 'चालव' म्हणाला नाहीत.

दक्षिणेतल्या दोन शाळांना फोन केले. एक पहिल्याच दुपारी ट्रॅकवर सोडते. दुसरी आधी वर्गात बसवून रेसमधल्या झेंड्यांचे अर्थ शिकवते, मग दोन दिवस साध्या गाडीत शिकवणारा शेजारी बसतो. मी दुसरी निवडली. "आणि तिसऱ्या दिवशी शेजारी कोण?" मी विचारलं. "मॅडम, रेसच्या गाडीला एकच सीट असते." लेकीला म्हटलं, नको जाऊ. "आई, तू भेते म्हून मीबी भेऊ काय?" मी फी भरून टाकली.

आज तिसरा दिवस. दुपारी तिचा फोन आला. "वळणावर गाडी गिरकी खाऊन गवतात गेली. मले काई नाई झालं. आता परत ट्रॅकवर जाऊन राहिली." "बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्ही असता तर थांबवलं असतं, असं वाटलं. पण शेजारी बसायला जागाच नसती तर तुम्ही तरी काय केलं असतं?

हे पत्र टाकायचं तरी कुठं? एक सांगायचं राहिलं. ती निघायच्या आदल्या दिवशी, तिचं नाव काढून टाका म्हणून सांगायला मी चोरून शाळेला फोन केला होता. पलीकडून "बोला" आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पन्नाशीच्या बाईला घेता का?"