दोन मापं मोठी बांगडी

मद्रास, मंगळवार

तुतुलच्या बाबांना,

पायांना हात लावून नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनानंच लावला असं समजा.

आम्ही सुखरूप आहोत. दादा रोज कुठून तरी मासे शोधून आणतो आणि इथल्या सांबाराला शिव्या घालत स्वतः रांधतो. तुतुलच्या वेण्या आता कोण घालतं?

काल हातांचा एक्स-रे काढला. तिथल्या बाईंनी आधी माझ्या शंखाच्या बांगड्या उतरवायला सांगितल्या. साबण लावला, तेल लावलं, पण सुजलेल्या हातांवरून त्या निघेनात. मी म्हटलं, नवरा असताना या कापायच्या नाहीत. दादा म्हणाला, "अगं, दाजी तिकडे भात खाऊन घोरत असतील, त्यांना काय धाड भरलीय? कापा हो बाई!" कापल्या. त्यांच्या जागी मनगटाला लाल दोरा बांधलाय. सासूबाईंना यातलं काही बोलू नका.

आज डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत काही नाही, रक्तातही काही नाही. हे चौथे डॉक्टर. सोमवारी परत बोलावलंय. मी दमले हो.

लग्नाच्या दिवशी याच बांगड्या सैल होतात म्हणून आई हसली होती.

बिधू कासाराकडून नवी जोडी आणून ठेवा, दोन मापं मोठी. तो विचारेल, वहिनींच्या हाताला काय झालं? तुम्ही तरी त्याला 'काही नाही' म्हणू नका.

तुमची,
निभा