सही होईपर्यंत बोटीवर

३ ऑगस्ट, रविवार. किंग्स्टन

आले. खरं म्हणजे आणली गेले. सरांची बोट कालव्यातून ओटावाला न्यायची आहे, आठेक दिवस. "तू चल नं, तुझ्या काकू एकट्या बोअर होतात." नाही म्हणता आलं असतं. पण पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जाला सरांच्या सहीचं पत्र लागतं. पल्लवी आमच्याकडे चार वर्षं टेस्टिंग करते, काम असं असं, इतकंच लिहिलंय. तीन आठवडे मागतेय. "बोटीवर निवांत करू." अर्जाची मुदत १४ तारखेला संपते. कंपनीच्या लेटरहेडवर छापून, झिपलॉकच्या पिशवीत घालून सोबत आणलंय. सहीला लागणार अर्धं मिनिट. अडला हरी, दुसरं काय.

ऑफिसात सर, बोटीवर काका. "घरचीच आहेस तू." घरचीच म्हणून शनिवारी कामाला यायचं, घरचीच म्हणून दिवाळीला मार्कहॅमच्या त्यांच्या बेसमेंटमध्ये चकल्या पाडायच्या.

शिडाची बोट म्हणून जरा हौस होती. तर शीड गुंडाळलेलं आणि डोलकाठी उतरवून बोटीवर आडवी बांधलेली! कालव्यावरचे पूल ठेंगणे आहेत म्हणे. म्हणजे सगळा प्रवास इंजिनावर, फटफटफट. आणि त्या काठीखालून वाकून जायचं. पहिलं टेंगूळ संध्याकाळच्या आत.

४ ऑगस्ट, सोमवार

लाँग वीकेंड. कालव्यात बोटींची गर्दी.

लॉक म्हणजे दगडी हौद. बोट आत, मागचं फाटक बंद, पाणी भरलं की आपण वर, मग पुढचं फाटक उघडतं. पुढे उतार आहे तिथे हेच उलट. फाटकं अजून हाताने चालवतात. आज कॉलेजच्या दोन मुली लोखंडी हँडल गोलगोल फिरवत होत्या. भिंतीवर वरून खाली केबल सोडलेल्या असतात. दोर त्यांच्याभोवती घालून टोक हातात धरायचं, काका पुढे, मी मागे. काकांनी दहादा बजावलं, "बांधायचा नाही, नुसता धरायचा. पाणी उतरलं अन् दोर वर बांधलेला राहिला, तर बोट टांगून राहते."

हौदाच्या तळाशी चारी बाजूंनी शेवाळलेली ओली भिंत. मला लिफ्टसुद्धा सोसत नाही, हे कुणाला सांगितलेलं नाही. दोर धरून मनात पाढे म्हटले. सतराचा येत नाही.

पत्र: पहिल्याच दिवशी नको, म्हणून विचारलं नाही.

५ ऑगस्ट

विचारलं. काका पोहे खात होते.
"ऑफिसचं काम बोटीवर नाही हं, पल्लवी."
मग "बोटीवर निवांत करू" कोण म्हणालं होतं?
काकू पोह्यांवर खोबरं पेरत बसल्या. वर बघितलं नाही.

६ ऑगस्ट

सात लॉक. बोटीच्या पंख्यात शेवाळ गुंतलं, दोन तास वाया. नेटवर्क नाही. आईला मेसेज जात नाहीये. तिला वाटतंय मी क्रूझवर आहे.

पुन्हा विचारलं.
"तू काहून टेन्शन घेऊन राहिली? मी काय पळून चाललो का?"
तुम्ही नाही हो. मीही नाही, चहूबाजूंनी पाणी आहे.
फार राग आला. तरी रात्रीची भांडी मीच घासली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

७ ऑगस्ट, गुरु.

काका डिझेल आणायला गेले तेव्हा काकू बोलल्या. स्वतःहून.
"ऑफिसातल्या आधीच्या दोघांना लगेच पत्र दिलं होतं गं यांनी. मुंज सोडली तर त्यांचं सगळं आम्ही केलं म्हण. पीआरचं कार्ड आलं, महिन्याभरात दोघं गेले. एकाने तर ईमेलवर सांगितलं. हे दोन दिवस जेवले नाहीत."
"मी तशी नाही हो काकू," म्हणाले. लगेच, न अडखळता.

किचनर गावातल्या एका कंपनीशी माझं जूनमध्येच बोलणं झालंय. पीआर आलं की ये म्हणालेत. हे फक्त इथे लिहितेय.

काकूंना बोट अजिबात आवडत नाही, हेही कळलं. पाच वर्षं उलटीच्या गोळ्या घेतायत. काकांना माहीत नाही.

८ ऑगस्ट

आता उतार सुरू. पत्र नाही. सात दिवस उरले, आजचा धरून.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सरळ म्हणावं, सही करा नाहीतर मी इथे उतरते? उतरून जाऊ कुठे? काठावर गायी होत्या.

९ ऑगस्ट, शनिवार



आज नारळी पौर्णिमा. काका नागपूरचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. पण बोट घेतल्यापासून कोळ्यांच्या वरताण. किंग्स्टनहून नारळ आणलेला, शेंडीसकट. बोट लॉकमध्ये शिरता शिरता काकूंनी कुंकू लावलं, मी हात जोडले, काकांनी नारळ मागे पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. तरंगत निघाला आणि फाटक मिटताना बरोबर दोन दारांच्या मध्ये जाऊन बसला. दारं मिटेनात, पाणी उतरवता येईना. आमच्या मागे सहा बोटी. लॉकचं नाव लिहीत नाही, लाज वाटते.

वरून लॉकवरच्या मुलीने विचारलं, "सर, इज दॅट अ कोकोनट?"
काका म्हणाले, "मे बी." कुंकू लांबून दिसत होतं.

लांब काठ्या घेऊन तिघंजण नारळ काढायला लागले. तास तरी जाणार, म्हणून काकांनी पुढचा दोर वर काठावरच्या खुंटाला बांधून टाकला आणि माझ्याजवळ येऊन बसले. कान लाल झालेले.
"एक विचारू? खरं सांग. कार्ड आलं की जाशील?"
"नाही हो काका" जिभेवर तयार होतं. आठवडाभर घोकलेलं. पण पुढे बंद दार, मागे सहा बोटी, आणि हा माणूस एका नारळापायी इतका एवढासा झालेला.
"जाईन," म्हणाले. "किचनरला नोकरी बघून ठेवलीय."
काकूंच्या हातातलं तबक तसंच राहिलं.
"बरं," काका म्हणाले. मग नारळाकडे बघत, "मी तुला घरची समजत होतो."
"घरच्या मुली जातातच की, काका."

हे मी का बोलले कोण जाणे. बोलून झाल्यावर मलाच रडू आलं. ते उठून पुढे गेले आणि पाठ करून बसले.

नारळ निघाला. दारं मिटली, पाणी उतरायला लागलं. पुढचा दोर खुंटालाच! काकांच्या लक्षात नाही. बोटीचं नाक वर राहिलं, मागची बाजू खाली चालली, आतली भांडी गडगडली. "काका, दोर!" ते धावले, पण गाठ ताणून दगड झालेली. ते नुसते ओढत राहिले. मी माझा दोर काकूंच्या हातात दिला, भाजी चिरायचा सुरा घेतला आणि काठीखालून पुढे पळाले. कापला. बोट धप्पकन खाली बसली. वर कोणीतरी शिट्टी वाजवत होतं, पाणी थांबवा म्हणून ओरडत होतं.

काका खाली बसलेले. तळहात सोललेले. मी हळद लावली, काकूंनी पट्टी बांधली.

पत्राची पिशवी टेबलावर काढून ठेवलीय. मागणार नाही आता.

१० ऑगस्ट

दोर धरताना काका म्हणाले, "सैल सोड." तेवढंच. कापलेला दोर त्यांनी नीट गुंडाळून ठेवलाय.
पत्र टेबलावर. संध्याकाळी काकूंनी त्यावर मिठाची बरणी ठेवली, उडू नये म्हणून.

११ ऑगस्ट, सोमवार. ओटावा

एकाखाली एक आठ लॉक, मग नदी. आमचा नंबर दुसरा. नऊला उघडणार.

उठले तर टेबलावर नुसती बरणी. वर आले. काका चष्मा लावून पत्र वाचतायत. पाठीमागे उभी राहिले. पान एकच आहे, पण उलटून मागची कोरी बाजूही बघितली.
"चार वर्षं झाली होय तुला?"
"हो काका. नोव्हेंबरमध्ये पाच."
"यात शनिवारचं काही लिहिलं नाही तू."
"लागत नाही ते."
"हं."

पट्टीचा हात पुढे केला. पेन मागितलं. याच वहीचं पेन दिलं, म्हणून आता काकूंच्या किराण्याच्या यादीवरच्या पेन्सिलने लिहितेय. पत्र मांडीवर आहे, पेन हातात. टोपण काढलेलं नाही अजून.

पहिली बोट आत गेली. काका म्हणाले, "पल्लवी, दोर घे."